वेल क्रमांक दोन

२ फेब्रुवारी

नवी वही. जुनीत चार पानं कोरी आहेत, पण नवा हंगाम तर नवी वही, हा नियम. नियम एकदा मोडायला लागलं की माणूस कुठवर जातो ते मी कारखान्यात रोज बघतो.

आज गच्चीवर दुधीचं बी लावलं. निळे ड्रम तीन, प्रत्येकी साठ लिटरचे, तळाला सहा भोकं, भोक दहा मिलिमीटरचं. प्रत्येक ड्रममध्ये दोन बिया, खोली अडीच सेंटिमीटर. दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप काढायचं. दया नाही.

बी स्वतःचं. गेल्या वर्षीचा सगळ्यात सरळ दुधी मी कापला नव्हता, फक्त त्याच वेलावरचे बाकीचे खाल्ले होते, ते गोड निघाले होते. तो एक वेलावरच वाळवला. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. बाजारच्या पाकिटात काय असतं ते पाकीट छापणाऱ्याला ठाऊक. माझ्या पाकिटात काय आहे ते मला ठाऊक.

पाकिटांवरच्या पट्ट्या नेहमीप्रमाणे खालच्या मजल्यावरच्या काकूंनी टाइप करून दिल्या. छत्तीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, आता एकाहत्तरच्या. लग्न केलं नाही. मशीन मात्र निवृत्तीच्या वेळी मागून घरी आणलं. रिबन मी शोधून आणून देतो.

"इन्स्पेक्टर," काकू म्हणाल्या, "दुधीच्या वेलाला पण नंबर? बिचाऱ्याला नाव ठेवा की एखादं."

"काकू, नावाने लाड होतात. नंबराने शिस्त राहते."

मी फक्त सातवी शिकलो. पण ज्या तपासणी विभागात झाडू मारायला लागलो होतो, त्याच विभागाचा शिक्का आज माझ्या खिशात असतो. डिप्लोमावाले माझ्यापुढे पार्ट ठेवतात आणि घाम पुसतात. बागकामही कुणी शिकवलं नाही. मापत गेलो, लिहीत गेलो, झालं.

९ मार्च

तिन्ही ड्रम उगवले. तीन रोपं ठेवली. मांडवाची तार नव्याने ताणली.

सकाळी काकूंकडे चार टोमॅटो दिले होते. संध्याकाळी जिन्यात भेटल्या. "टोमॅटो छान होता हो."

"आंबटाकडे होता की गोडाकडे?" मला नोंद करायची होती.

"लाल होता," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

थंडीत ताप आला होता तेव्हापासून त्यांची चव आणि वास दोन्ही गेलंय. डॉक्टर म्हणाले येईल, पण ते काही आलेलं नाही. "मी आता डोळ्यांनी जेवते," म्हणतात. मी टोमॅटोपुढे 'चव: नोंद नाही' असं लिहिलं.

काकूंकडे स्वयंपाकाला सकाळी एक ताई येतात. हात स्वच्छ, बोलणं मोजकं. मागे माझ्या पालकात एक अळी निघाली होती, तर ताईंनी ती काडेपेटीत घालून वर आणून दिली. "दादा, तुमचा एक नग राहिला होता आमच्याकडे." आमची ही तीन दिवस हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण त्यानंतर मी पालकाचं प्रत्येक पान उलटून बघतो.

२१ एप्रिल

मादी फुलं दिसली. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे कारखान्यातून आल्यावर चहा नंतर, आधी गच्ची. नर फूल तोडून त्याचा पराग ब्रशने मादी फुलाला लावायचा आणि देठाला तारखेची दोरी बांधायची. आज पाच फुलं.

गेल्या वर्षी हे काम पतंगांवर सोडलं होतं, कारण मांडवावर पाय ठेवायला जागा नव्हती. लेकीला दिवे करायला सुरईसारखे भोपळे हवे होते, त्यांचेच वेल सगळीकडे. त्यातला एक वाळवून, भोकं पाडून तिने दिवा केला, तो या टेबलावरच टांगलाय. लिहिताना वहीवर उजेडाचे ठिपके पडतात. सुबक काम आहे. भोकांमधलं अंतर सारखं नाही, पण ते तिला बोललो नाही.

यंदा मांडवावर फक्त दुधी. सगळं माझ्या हातात.

१२ मे

वेल क्र. १, पहिला दुधी. लांबी ३८, वजन ८१० ग्रॅम. कच्चा चाखला: गोड. शिजवून: गोड. शेरा: पास.

१९ मे

वेल क्र. २, पहिला दुधी. लांबी ४१. कापला तर आत पांढराशुभ्र, बी कोवळं. हिने फोड तोंडात घातली आणि तशीच बेसिनकडे धावली.

"अहो, कडू आहे! टाका तो."

"देठाकडची फोड घेतलीस."

"कुठचीही असू दे. कडू म्हणजे कडू."

मी मधली फोड घेतली. कडसर होती, नाही असं नाही, पण धावत सुटण्याइतकी नाही. आठवडाभर ऊन बेचाळीसच्या वर आहे आणि मंगळवारी पाणी घालायला उशीर झाला होता, वहीत नोंद आहे. झाडाला तहान लागली की फळ कडवटतं, हे कुणालाही कळेल. हिने माझ्यासमोर अख्खा दुधी कचऱ्यात टाकला. वाद घातला नाही.

दुपारी कारखान्यात दोनदा संडासला जावं लागलं. कॅन्टीनचं तेल असणार.

शेरा: उष्णतेमुळे. पाणी दोन्ही वेळा घालणे. बी एकच, माती एकच, म्हणजे बॅच एकच. बॅच पास.

२ जून

आजचा दिवस नोंदवण्यासारखा. वेल क्र. २ वरचा दुसरा दुधी काढला. लांबी ५२ सेंटिमीटर. पट्टी लावली तर कुठेही फट नाही. दोन्ही टोकांची जाडी व्हर्निअरने मोजली तर फरक फक्त तीन मिलिमीटर. तेवीस वर्षांच्या बागकामात असा नग निघाला नाही. हिला दाखवला. ती म्हणाली, "हा दोन नंबरच्या वेलाचाच ना?" आणि भांडी घासत राहिली.

तो काकूंना दिला. भाचीने त्यांना रोज सकाळी दुधीचा रस घ्यायला सांगितलंय, तिने कुठेतरी वाचलं होतं. भाची शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, शनिवारी येते आणि आठवड्याच्या सूचना देऊन जाते.

काकूंनी दुधी मांडीवर बाळासारखा घेतला. "इन्स्पेक्टर, हा कापायचा म्हणजे पापच."

ताई ओट्याशी होत्या, हातात सुरी होती. "देठाकडची फोड काढून चाखून बघू का दादा? दुधीचं कधी कधी..."

"ताई," मी म्हणालो, "हा माल तपासून आलाय. आणि आजचा दिवस तरी तो अख्खा राहू द्या, काकूंना बघू द्या."

"नाही, चाखायची सवय असते म्हणून म्हटलं."

"सवय बाजारच्या भाजीला. माझ्या हातच्या मालाला चाखावं लागत नाही."

ताईंनी सुरी खाली ठेवली. काकू म्हणाल्या, "बघा, शिक्का बसला."

वर येताना जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

४ जून

सकाळी नऊला खाली रुग्णवाहिका. काकू. उलट्या थांबत नव्हत्या, उलटीत रक्त होतं. स्ट्रेचरवर रंग कागदासारखा. मला बघून काही म्हणाल्या, ऐकू आलं नाही.

५ जून

अतिदक्षता विभागात आहेत. रक्तदाब खाली गेलाय. भाचीचा फोन हिला आला. विषबाधा म्हणतायत. "काय खाल्लं" विचारलं तर भाची म्हणाली रस घेतला होता फक्त.

दिवसभर उकाडा फार होता. उकाड्यात रस चटकन खराब होतो. काचेच्या भांड्यात तासभर ठेवला तरी.

८ जून

काकू शुद्धीवर आहेत, धोका पूर्ण टळलेला नाही. भाची घर आवरायला आली होती. मी दार उघडं बघून खाली गेलो, तेवढ्यात ताई आल्या, काकूंची विचारपूस करायला.

"रस किती वाजता केलास?" भाचीने दारातच विचारलं.

"साडेसातला. केला आणि लगेच दिला, त्यांनी माझ्यासमोर घेतला. मग मी पुढच्या घरी गेले."

"मग भांड्यात उरलेला रस ओट्यावर उघडा कसा पडला होता? आदल्या रात्रीचा असणार तो. नाहीतर भांडं नीट धुतलं नसणार."

"बाई, मी सहा वर्षं..."

"मावशी मेली असती! मी फेकून दिला तो सगळा. काय होतं त्यात देव जाणे. उद्यापासून येऊ नकोस."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मदतीला पण नाही. नुसतं बघितलं. मी म्हणालो, "उकाडा फार आहे."

एवढंच म्हणालो. हे लिहिताना हात थांबला, पण जे झालं ते लिहायचं, हा नियम.

ताई चप्पल घालून गेल्या. चपलेचा अंगठा तुटलेला होता, पिनेने लावलेला.

९ जून

पहाटे गच्चीवर गेलो. वेल क्र. २ वर तिसरा दुधी तयार आहे, लांबी ४४. सुरी नेली होती. देठाकडची पातळ चकती काढून जिभेवर ठेवली.

लगेच थुंकली. सहा वेळा चूळ भरली. कडूपणा जिभेच्या मुळाशी, घशात, कानापर्यंत. चहा घेतला, तोही कडू. आता संध्याकाळचे सात, अजून आहे.

काकूंनी एक ग्लास घेतला होता. त्यांना काहीच लागलं नसणार. त्यांना तो पांढरा दिसला असणार.

११ जून

कारखान्यातून लवकर सुटून बियाणेवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानात मी अकरा वर्षांत पाय ठेवला नव्हता.

"माझ्या एका ओळखीच्याचा दुधी कडू निघालाय," म्हणालो. "एकच वेल. बाकीचे गोड."

"बी कुठलं?"

"स्वतःचं धरलेलं."

"गेल्या वर्षी मांडवावर दुधीबरोबर दुसरं काही होतं का? तुंब्यासारखे, सुरईसारखे, शोभेचे भोपळे?"

होते, म्हणालो. तो वजनाच्या काट्यावर बोटांनी ताल धरून सांगत होता. "ते आणि दुधी एकाच कुळातले हो. पतंग काय कूळ विचारून फुलावर बसतो? त्या वर्षी फळ गोडच लागतं, कारण फळ आईचं असतं. भानगड जाते बियांत. पुढच्या वर्षी काही वेल गोड, एखादा असा की माणूस दवाखान्यात. तुमच्या ओळखीच्याला सांगा, तो वेल उपट, उरलेलं बी जाळ, आणि फळ कुठलंही असो, देताना चाखून दे. माझ्या आजीला हे माहीत होतं. हा तुमचा माणूस शिकलेला नाही का?"

"स्वतः शिकलाय."

"मग थोडं शिकायचं राहिलंय," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

म्हणजे उष्णता नाही. पाणी नाही. १९ मेचा शेरा चूक. शिक्का मारला तो मी.

१२ जून

लेकीवर ओरडलो. तिने विचारलं होतं फक्त, "बाबा, यंदा मांडवाच्या कडेला दोन दिव्याचे भोपळे लावू का?" मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुझ्या खेळण्यांपायी, असं काहीतरी म्हणालो. तिला कळेना कशापायी काय. तिने खुर्चीवर चढून दिवा काढला आणि आपल्या खोलीत नेला.

वड्याचं तेल वांग्यावर. भोपळे तिने मला विचारून लावले होते. गेल्या वर्षीच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे: 'लेकीचे भोपळे, मांडवाची पूर्व बाजू, हरकत नाही.'

आज टेबलावर नुसता बल्ब आहे. वहीवर एकही ठिपका नाही. अक्षर जास्तच स्पष्ट दिसतं.

१४ जून

वेल क्र. २ मुळासकट काढला. तुकडे करून तीन पिशव्यांत भरले. हिला म्हणालो, मावा पडला होता.

"मावा?" ही म्हणाली. "आणि तो बरोबर दोन नंबरवरच पडला? नंबर वाचून?"

पिशव्या खाली नेऊन टाकताना मात्र एक तिने उचलली.

उरलेलं बी जाळलं, एकतीस बिया. मग आठवलं, मार्चमध्ये दोन पाकिटं कारखान्यात वाटली होती, पट्टीसकट, 'स्वतःचे बी, खात्रीचे.' दोघांना फोन केला. स्टोअरवाल्याने लावलं होतं, अजून फळ नाही. 'खराब निघालंय, उपटून टाक' म्हणालो. 'तुमचं आणि खराब?' म्हणून तो हसायला लागला, त्याला दोनदा सांगावं लागलं. दुसरा म्हणाला, "लावलं नाही हो अजून. पाकीट एवढं झकास होतं, फोडवेना. कपाटात ठेवलंय."

त्याला म्हणालो, पाकीट ठेव, आतलं जाळ. 'का' विचारलं. बॅच नापास, म्हणालो. खरं कारण दोघांनाही सांगितलं नाही.

१७ जून

हॉस्पिटलला गेलो. काही नेलं नाही. काय नेणार?

काकू पलंगावर निम्म्या झाल्या आहेत. सलाईनचा हात सुजलेला, बोटं थरथरतात. "डॉक्टर विचारत होते, रस कडू होता का," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, मला तुम्ही साखर दिलीत की मीठ तेही कळत नाही. खोटं कसं सांगू?" मग म्हणाल्या, "ताई आल्या नाहीत एकदाही. तुम्ही बघितलंत का त्यांना?"

म्हणालो, कामात असतील.

दहा मिनिटं बसलो, त्यातली सात घड्याळाकडे बघत.

२० जून

आज कारखान्यात एक पार्ट पाच वेळा मोजला. पाचही वेळा बरोबर होता. शिक्का मारवेना. शेवटी दुसऱ्याला सांगितलं, तू बघ.

२२ जून

काकू घरी आल्या. भाची दहा दिवस राहणार. मी दाराचा आवाज ऐकून गच्चीवर गेलो आणि भाजीला पाणी घालत बसलो. पाणी सकाळीच घातलं होतं.

२३ जून

बाजारात ताई दिसल्या. मी वळणार होतो, त्यांनीच हाक मारली. "दादा, काकू कशा आहेत?"

"बऱ्या. घरी आल्या."

"चला, बरं झालं." मग थोडं थांबून, "मला येऊन बघायचं होतं. पण भाचीबाई आहेत ना. त्यांनी तुमच्या मागच्या गल्लीतल्या दोन्ही घरी फोन करून सांगितलं, की माझ्या हातचं खाऊ नका. तीन घरं होती, तिन्ही गेली. आता बघतेय कुठे धुण्याभांड्याचं मिळतं का. स्वयंपाकाला कोण घेणार? माझ्यासमोर कुणी म्हणालं नाही, पण मागे म्हणतात, हिने म्हातारीला घातलं काहीतरी."

मी माझ्या पिशवीतल्या काकड्यांकडे बघत होतो.

"एक विचारू दादा? तो दुधी चांगला होता ना? मीच काही चुकले का, हे रोज आठवून बघते. भांडं धुतलं होतं. सुरी धुतली होती. हात धुतले होते." त्यांनी बोटं मोजली. "चाखायचं तेवढं राहिलं."

राहिलं, म्हणाल्या. 'तुम्ही चाखू दिलं नाहीत' असं म्हणाल्या नाहीत.

२४ जून

आज रजा टाकली. सतरा वर्षांत आजारपण सोडून पहिली.

दहा वाजता, भाची औषधं आणायला बाहेर गेली तेव्हा, काकूंकडे गेलो. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. टायपरायटरवर कापड टाकलेलं.

"या इन्स्पेक्टर. आज दोन पायऱ्या एकदम चढल्याचा आवाज नाही आला."

मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. १९ मेपासून सुरुवात केली. पहिला दुधी, हिने थुंकलेली फोड, माझा शेरा. सरळ दुधी, ताईंची सुरी, मी काय म्हणालो. ९ जूनची चकती. बियाणेवाला. वेल उपटला ते. मध्ये काकूंनी एकदाही अडवलं नाही. वकिलाकडे जबान्या टाइप करताना अशाच बसत असतील.

"म्हणजे रस चांगला होता," त्या सावकाश म्हणाल्या. "दुधीच वाईट होता."

"हो."

"आणि ताई का येत नाहीत, ते?"

तेही सांगितलं. भाचीने आठ तारखेला काढलं, मी तिथे उभा होतो, उकाडा फार आहे म्हणालो. दोन घरांना केलेले फोन.

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. आजवर मी त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं.

"मी मरायला टेकले, त्याचं मी तुम्हाला माफ करीन, इन्स्पेक्टर. चूक झाली, माणसाच्या होतात. पण सोळा दिवस तुम्हाला माहीत होतं आणि ती बाई दारोदार फिरत होती."

"पंधरा," मी म्हणालो. "चाखला नऊ तारखेला."

तोंडातून गेलं. त्या माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला घड्याळाची टिकटिक मोजता आली.

"बसा," त्या म्हणाल्या. "कागद घ्या. भाचीला लिहायचं, आणि त्या दोन घरांना."

मी टायपरायटरवरचं कापड काढायला गेलो.

"नको. माझी बोटं कळांवर ठरत नाहीत. काल बघितलं करून, एकाऐवजी तीन अक्षरं उमटतात. डॉक्टर म्हणतात जाईल थरथर. चवीचंही असंच म्हणाले होते." त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले. "तुम्ही लिहा. हाताने. आणि मी सांगणार नाही काय लिहायचं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली. हे तुमचं वाक्य आहे."

चार कागद फाडले. पाचव्यावर जमलं. दोनच ओळी आहेत. 'काकूंना दिलेला दुधी कडू होता. ताई चाखत होत्या, मी चाखू दिला नाही.' खाली सही, तारीख. आणखी प्रती केल्या, भाचीची काकूंपाशी ठेवली.

वर आलो तेव्हा ही दारात उभी होती. "सांगितलंत?" एवढंच विचारलं. कधीपासून वाट बघत होती कोण जाणे. मी विचारलं नाही.

२६ जून

ताईंचं घर शोधायला दोन तास लागले. पत्र दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"कागद नको दादा. कागद लोक ठेवून देतात. त्या दोन्ही घरी तुम्ही स्वतः जा आणि तोंडाने सांगा. मी येते, खाली थांबते."

गेलो. पहिल्या घरचे गृहस्थ ऐकून हसले, "अहो, एवढं काय त्यात, पाठवा ताईंना उद्यापासून." दुसऱ्या घरी बाईंनी दार अर्धंच उघडलं. "बरं झालं सांगितलंत. पण आम्ही आता दुसरी ठेवली." दार लावलं.

खाली येऊन ताईंना सांगितलं. एक मिळालं, एक गेलं.

"मोठं तेच होतं," त्या म्हणाल्या. "दोन वेळचं."

माफ करा म्हणालो. त्या म्हणाल्या, "ते काकूंना म्हणा. मला ते घर हवं होतं."

२ जुलै

भाची जाताना वर आली होती. मला बरंच बोलली, सगळं बरोबर होतं. मग जिन्यात थांबून हिला म्हणाली, "रस घे म्हणून मीच मागे लागले होते तिच्या." रडत होती. मी दाराआड होतो. पुढे जाऊन काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण माझ्याकडे तिला देण्यासारखं काय आहे? तिने ताईंना फोन करून परत बोलावलं.

लेकीच्या खोलीत जाऊन दिवा मागितला. तिने दिला. टांगला. वायर माझ्याकडून सैल राहिली होती, ती तिने आवळली. "भोकं वेडीवाकडी आहेत ना रे बाबा?" म्हणाली. छान आहेत, म्हणालो. आहेत पण.

११ जुलै

वेल क्र. १, सहावा दुधी. लांबी ३६, थोडा वाकडा. व्हर्निअर नेला नाही.

खाली गेलो. ताई ओट्याशी होत्या, काकू खुर्चीत. काकू मला बघून हसल्या नाहीत, पण "या" म्हणाल्या. मी दुधी ओट्यावर ठेवला.

ताईंनी तो धुतला, पुसला. देठाकडची जाड फोड काढली आणि सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरली.

"आधी तुम्ही."

खाल्ली. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चावून, गिळून झालं.

"गोड आहे," मी म्हणालो.

"बसा जरा," त्या म्हणाल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

बसलो. पंधरा मिनिटं. काकू उजव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून टेकवत होत्या, जणू टायपरायटरच्या कळांवर. दोन नीट टेकत होती, तिसरं घसरत होतं. मी मोजत होतो. मग मोजायचं थांबवलं.

ताईंनी दुसरी फोड काढली, स्वतः खाल्ली, आणि बाकीचा चिरायला घेतला.

मी उठलो तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "उद्या काकडी आणणार ना?" म्हणाल्या. "तीही इथे बसून खायची."

हो म्हणालो.

शेरा: वेल क्र. १. चाखला.